पीएम-किसान आणि नमो शेतकरी योजनेचे हप्ते: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

हप्ता येणार अशी बातमी झळकली की फोन सुरू होतात. "शेजाऱ्याला आले, मला का नाही?" हा त्यातला पहिला प्रश्न. गेल्या काही वर्षांत गावागावांतून जे प्रश्न येत राहिले, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक अडकलेल्या हप्त्यांमागे एकच गोष्ट निघते: सातबारावरचा माणूस, आधारवरचा माणूस आणि बँक खात्यावरचा माणूस एकच आहे, हे सरकारी संगणकाला पटलेलं नसतं. शेतकरी मात्र आपण अपात्र ठरलो असं समजून गप्प बसतो. तसं बसू नका. ही मदत तुमच्या हक्काची आहे आणि बहुतेक अडचणी सुटतात.

१. पीएम-किसान आणि नमो शेतकरी या एकच योजना आहेत की वेगवेगळ्या?

वेगवेगळ्या. पीएम-किसान केंद्राची आहे. ती १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाली आणि पहिले हप्ते फेब्रुवारी २०१९ मध्ये वाटले गेले. नमो शेतकरी महासन्मान निधी महाराष्ट्र सरकारची आहे. ती २०२३ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, १५ जून २०२३ ला शासन निर्णय निघाला आणि पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीच्या कार्यक्रमात वितरित झाला. दोन्हींत वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत मिळतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या पात्र कुटुंबाला वर्षाला १२,०००.

नमोसाठी वेगळा अर्ज नाही. पीएम-किसानची पात्र यादीच राज्य वापरतं. त्यामुळे पीएम-किसान अडकलं की नमोही अडकतं, आणि पुढची बहुतेक उत्तरं दोन्हींना लागू आहेत.

२. हप्त्याची तारीख ठरलेली असते का?

पीएम-किसानचे तीन कालखंड ठरलेले आहेत: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च. त्या कालखंडात पैसे कोणत्या दिवशी पडतील ते केंद्र ऐन वेळी जाहीर करतं. १६वा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळमधून वितरित झाला, १८वा ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिममधून. २०वा मात्र जुलै संपून २ ऑगस्ट २०२५ ला आला. नमोचा हप्ता पाठोपाठ येतोच असं नाही. कधी दोन एकदम येतात (यवतमाळला दुसरा आणि तिसरा एकत्र आला होता), कधी महिनाभर उशीर होतो. यूट्यूबवर तारखा सांगणाऱ्यांवर विसंबून बियाणं-खताची उधारी करू नका.

३. आमची जमीन फक्त दहा गुंठे आहे. मिळेल का? जास्त जमीन असली तर जास्त मिळतं का?

मिळेल, आणि जास्त मिळत नाही. सुरुवातीला दोन हेक्टरची मर्यादा होती. १ जून २०१९ पासून ती काढली. आता सातबारावर शेतीयोग्य जमीन असणाऱ्या कुटुंबाला क्षेत्र कितीही असलं तरी तेच ६,००० मिळतात. दोन-तीन गावांत जमीन असली तरी लाभ एकदाच. जमीन बिगरशेती झाली असेल तर ती धरली जात नाही.

४. नवरा-बायको दोघांच्या नावावर वेगवेगळी जमीन आहे. दोघांनाही मिळेल ना?

नाही. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं. एका कुटुंबाला एकच लाभ. बऱ्याच गावांत दोघांचेही अर्ज मंजूर झाले होते. २०२५ मध्ये केंद्राने अशी संशयित प्रकरणं वेगळी काढली आणि प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत त्यांचे हप्ते थांबवले. तुमच्या घरात असं झालं असेल तर दोघांपैकी एकाने लाभ सोडायचा. कसा, ते प्रश्न २० मध्ये आहे.

माझं मत विचाराल तर नाव बायकोचं ठेवा. पैसे घरातच येणार आहेत, पण शेतकरी म्हणून तिची नोंद सरकार दरबारी होते. लाडकी बहीण योजनेचा हिशोब मात्र आधी बघा (प्रश्न १६).

सज्ञान मुलगा आई-वडिलांच्या कुटुंबात धरला जात नाही. त्याच्या स्वतःच्या नावावर जमीन असेल तर त्याचं कुटुंब वेगळं.

५. सातबारा सामाईक आहे, चार भावांची नावं आहेत. कोणाला मिळणार?

चौघांनाही, प्रत्येकाला स्वतंत्र. सातबारावर नाव असलेलं प्रत्येक कुटुंब वेगळं धरलं जातं. खातेफोड (सामाईक जमीन वाटून वेगळी खाती) झालेली नसली तरी अडत नाही. "मोठ्या भावाने अर्ज केलाय, आता तुमचा होत नाही" असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे.

६. जमीन वडिलांच्या नावावर आहे, पण सगळी शेती मीच बघतो. मला का नाही?

कारण योजना सातबारावरचं नाव बघते, नांगर कोणाच्या हातात आहे ते बघत नाही. वडील हयात असतील तर लाभ त्यांचा. त्यांनी आता वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र करून जमीन तुमच्या नावावर केली तरी तुम्हाला लाभ मिळणार नाही. त्याचं कारण पुढच्याच उत्तरात आहे. निव्वळ २,००० च्या हप्त्यासाठी म्हाताऱ्या आई-वडिलांकडून घाईने वाटणी करून घेऊ नका. हप्ता मिळणार नाहीच आणि त्यांच्या हातची जमीनही जाईल.

७. १ फेब्रुवारी २०१९ या तारखेची काय भानगड आहे?

त्या दिवशी जमीन ज्याच्या नावावर होती तो पात्र. त्यानंतर खरेदी, बक्षीसपत्र किंवा हयातीतल्या वाटणीने जमीन नावावर आली असेल तर लाभ नाही. अपवाद एकच: खातेदार वारल्यामुळे वारसा हक्काने आलेली जमीन. म्हणून नवीन अर्ज करताना फेरफार (सातबारावरच्या बदलाची नोंद) मागतात. फेरफारावर तारीख आणि जमीन कशी आली ते दोन्ही दिसतं.

२०२० मध्ये कर्ज काढून दोन एकर घेतलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा जमिनीचा मालक झालेल्या माणसाला हा नियम फार लागतो. तो बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं. पण बदलेपर्यंत तारखा खोट्या करून अर्ज भरू नका. अशा अर्जांचे पैसे वसूल होतात.

८. वडील वारले. त्यांचा हप्ता आईच्या खात्यात वळवता येईल का?

हप्ता वळवता येत नाही. मृत व्यक्तीचा लाभ बंद होतो आणि वारसाला स्वतःचा नवा अर्ज करावा लागतो. क्रम असा ठेवा.

आधी मृत्यूचा दाखला काढा. मग वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आताचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) द्या किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करा. नोंद झाल्यावर हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, त्यानंतर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात आणि सातबारावर नावं चढतात. वारस नोंद करून घेण्यासाठी वकील लागत नाही. राज्यभर रखडलेल्या वारस नोंदींसाठी २०२५ मध्ये सरकारने जिवंत सातबारा मोहीमही घेतली होती. गावात तुमचं प्रकरण राहून गेलं असेल तर तिचा हवाला देऊन पाठपुरावा करा.

सातबारा झाला की पीएम-किसानचा नवीन अर्ज करायचा: सातबारा, वारसाचा फेरफार, आधार, कुटुंबातल्या सर्वांचे आधार, रेशन कार्ड. वडिलांचा मृत्यू पोर्टलवर नोंदवून घ्या. त्यांच्या खात्यात मृत्यूनंतरही हप्ते पडत राहिले असतील तर ते काढून खर्च करू नका, परत करावे लागतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. नवरा गेल्यावर, आत्महत्येच्या घटनेनंतर तर विशेषच, बाईचं नाव सातबारावर लावायला सासरची माणसं टाळाटाळ करतात. "मुलं लहान आहेत, पुढे बघू" म्हणतात. कायद्याने विधवा पत्नी पहिल्या वर्गातली वारस आहे. तिचं नाव लागलं नाही तर हप्ता, पीकविमा, पीककर्ज, नुकसानीचं अनुदान सगळंच तिच्या हातून जातं. शेजारी, बचत गटातल्या बाया, सरपंच, कोणीही तिच्यासोबत तलाठी कार्यालयात गेलं तरी मोठं काम होतं.

९. कोणाला मिळतच नाही?

कुटुंबातलं कोणीही एक यात बसलं तरी सगळं कुटुंब अपात्र ठरतं: आजी-माजी मंत्री, खासदार, आमदार, महापौर, जिल्हा परिषद अध्यक्ष, केंद्र, राज्य, सार्वजनिक उपक्रम किंवा स्थानिक स्वराज्य संस्थांचे नियमित अधिकारी-कर्मचारी आणि तिथून निवृत्त झालेले (चतुर्थ श्रेणी सोडून), दरमहा १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे (इथेही चतुर्थ श्रेणी सोडून), मागच्या वर्षी आयकर भरलेले, नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए, आर्किटेक्ट. संस्थांच्या नावावरची जमीन आणि अनिवासी भारतीयही बाद.

सरपंच, पंचायत समिती सदस्य या यादीत नाहीत. ते केवळ पदामुळे अपात्र ठरत नाहीत. मुलगा सज्ञान आणि नोकरीला असेल तर त्याच्या नोकरीमुळे बापाचा हप्ता जात नाही, कारण कुटुंबाची व्याख्या (प्रश्न ४).

१०. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी इन्कम टॅक्स रिटर्न भरला होता. त्यामुळे हप्ता बंद झाला का?

रिटर्न भरणं आणि कर भरणं वेगळं. नियम कर भरणाऱ्यांसाठी आहे. शून्य कराचा रिटर्न असेल तर तुम्ही अपात्र नाही. तरीही नाव "आयकरदाता" म्हणून लागलं असेल तर रिटर्नची प्रत जोडून तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून हे प्रकरण हलत नाही. नवऱ्याने किंवा बायकोने खरोखर कर भरला असेल तर मात्र दुसऱ्याचाही लाभ जातो.

११. ई-केवायसी कशी करायची? अंगठा उमटत नाही.

ई-केवायसी म्हणजे आधारवरून तुमची ओळख पटवणं. त्याचे तीन मार्ग आहेत. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर पोर्टलवर ओटीपी टाकून घरबसल्या होते. नसेल तर सीएससी केंद्रात (सरकारी कामं ऑनलाइन करून देणारं सेवा केंद्र) अंगठा लावून. आणि तिसरा मार्ग, जो फार जणांना माहीत नाही: पीएम-किसानच्या मोबाइल ॲपवर चेहरा दाखवून. ही सोय २०२३ मध्ये आली. कापूस वेचून, ऊस तोडून बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसांसाठी हाच मार्ग सोपा. घरातल्या तरुणाने आपल्या फोनवरून आजी-आजोबांची केवायसी करून द्यावी.

१२. बँकवाले म्हणतात आधार लिंक आहे, तरी पैसे येत नाहीत. असं कसं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. बँकेत आधारची झेरॉक्स देणं म्हणजे केवायसी. हप्त्यासाठी लागतं ते आधार सीडिंग. एनपीसीआय या संस्थेकडे एक नोंदवही असते आणि तुमच्या आधार क्रमांकापुढे कोणत्या बँकेचं नाव आहे ते तिच्यात असतं. पैसे तिथेच जातात, अर्जात तुम्ही कोणतंही खातं लिहिलेलं असलं तरी.

म्हणून दोन गोष्टी होतात. एक, सीडिंग झालेलंच नसतं आणि पैसे परत जातात. दोन, सीडिंग दुसऱ्याच, कधीतरी उघडलेल्या खात्याला असतं आणि पैसे तिथे पडून असतात. पैसे आले नाहीत म्हणून वर्षभर हेलपाटे घालणाऱ्यांचे सगळे हप्ते जुन्या जनधन खात्यात सापडले, असं पुष्कळदा होतं.

तुमचं सीडिंग कुठे आहे ते माय आधार संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्टेटस" मध्ये दिसतं. बदलायचं असेल तर बँकेत "डीबीटीसाठी आधार सीडिंग" असा स्पष्ट शब्द वापरून फॉर्म भरा (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात). बँक दाद देत नसेल तर पोस्टात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं आधार आणि अंगठ्यावर उघडतं आणि सीडिंगही तिथेच करून मिळतं.

१३. स्टेटसमध्ये इंग्रजीत काहीतरी लिहून येतं. त्याचा अर्थ काय?

पोर्टलवर "नो युवर स्टेटस" मध्ये नोंदणी क्रमांक टाकला की तीन गोष्टी आधी बघा: ई-केवायसी, लँड सीडिंग, आधार-बँक सीडिंग. तिन्हींपुढे हिरवं "येस" हवं. "आरएफटी साइन्ड बाय स्टेट" म्हणजे राज्याने तुमच्यासाठी पैसे मागितले. "एफटीओ जनरेटेड" म्हणजे पैसे पाठवायचा आदेश तयार झाला. हे दिसत असेल तर धावपळ करू नका, थांबा.

"लँड सीडिंग नो" म्हणजे तुमच्या जमिनीची नोंद पोर्टलला जोडलेली नाही. त्यासाठी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा), आधार घेऊन तालुक्याला जायचं. नोंदणीची मंजुरी कृषी विभागाकडे, जमिनीच्या नोंदी महसूलकडे, त्यामुळे कृषी कार्यालय तहसीलकडे आणि तहसील कृषीकडे पाठवतं. पहिल्याच ठिकाणी लेखी अर्ज देऊन पोच घेतली की हे चेंडूसारखं टोलवणं कमी होतं.

१४. सातबारावर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. अर्ज नामंजूर झाला.

माहेरच्या जमिनीत हिस्सा मिळालेल्या बहिणींची ही नेहमीची अडचण. जमीन "सुमन बाबुराव" नावाने, आधार "सुमन दत्तात्रय" नावाने, त्यात आडनाव वेगळं. टिकाऊ उपाय म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद लावून सातबारावर नाव दुरुस्त करून घेणं. वेळ लागतो, पण पुढे पीकविम्यालाही तेच लागणार. फरक फक्त स्पेलिंगचा असेल तर पोर्टलवर आधारप्रमाणे नाव दुरुस्त करण्याची सोय आहे.

१५. अडचण दूर झाली. मागचे बुडालेले हप्ते मिळतील का?

नोंदणी मंजूर होती आणि केवायसी किंवा सीडिंगमुळे हप्ते थांबले होते, तर पूर्तता झाल्यावर देय हप्ते मिळतात. नोंदणी करण्याच्या आधीच्या काळाचे मिळत नाहीत. म्हणून वारसांनी अर्जाला उशीर करू नये.

१६. नमो शेतकरी घेतलं तर लाडकी बहीण बंद होतं का?

बंद होत नाही, कमी होतं. पीएम-किसान आणि नमो मिळून वर्षाला १२,०००, म्हणजे महिन्याला १,००० होतात. लाडकी बहीणचे १,५०० असल्याने फरकाचे ५०० दिले जातात. जमीन आणि हप्ता नवऱ्याच्या नावावर असेल तर बायकोच्या १,५०० वर याचा परिणाम होत नाही. दोघांच्याही नावावर जमीन असेल तर हप्ता कोणाच्या नावाने ठेवायचा, ते हा हिशोब मांडून घरात ठरवा.

१७. शेतकरी ओळख क्रमांक काढलाच पाहिजे का?

हो. अॅग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीच्या योजनेतला हा क्रमांक महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी बंधनकारक आहे आणि पीएम-किसानच्या नव्या नोंदणीलाही मागितला जातो. आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन सीएससीत जा. तुमच्या नावावरचे सगळे गट, सगळ्या गावांतले, त्यात जोडले गेले का ते तिथेच बसून तपासा. एक गट राहिला तर उद्या त्या गटाच्या नुकसानभरपाईला अडचण येईल.

१८. मी बटाईने शेती करतो. मला काय मिळेल?

हे दोन्ही हप्ते मिळणार नाहीत. नाव सातबारावर नाही, इतकंच कारण. नोंदणीकृत भाडेकरार असेल तर पीकविमा काढता येतो, पण तोंडी बोलीवर चालणाऱ्या बटाईत असा करार किती मालक करून देतात? वर्षभर राबणारा, बियाण्याची उधारी अंगावर घेणारा माणूस या सगळ्या रकमांच्या बाहेर राहतो. ही या योजनांतली सगळ्यात मोठी उणीव आहे. वैयक्तिक वनहक्क पट्टा असलेल्यांचं तसं नाही. त्यांनी पट्ट्याची प्रत घेऊन कृषी कार्यालयात जरूर चौकशी करावी.

१९. सोयाबीन-कापसाचं अनुदान, अतिवृष्टीचे पैसे, विमा हे यातच येतं का?

नाही. पीएम-किसान आणि नमोला कोणतं पीक घेतलं याच्याशी देणंघेणं नाही. बाकीच्यांना आहे. २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसासाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, असं अनुदान मिळालं, तेव्हा ई-पीक पाहणीची (शेतात कोणतं पीक आहे याची मोबाइल ॲपवरची) नोंद बघितली गेली. नोंद नसलेले कित्येक खरे कापूस उत्पादक तेव्हा ताटकळले. अतिवृष्टीची मदत पंचनाम्यावर मिळते. एक रुपयातला पीकविमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता शेतकऱ्याचा वाटा खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत. प्रत्येक हंगामात बांधावर उभं राहून ई-पीक पाहणी करा.

बँकेने मदतीचे पैसे थकीत कर्जात वळते केले, अशाही तक्रारी येतात. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीच्या शासन निर्णयांत ही रक्कम कर्जवसुलीसाठी वळती करू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्या निर्णयाची प्रत जोडून शाखेत अर्ज द्या, एक प्रत तहसीलदारांना.

२०. अपात्र असताना हप्ते घेतले गेले. आता काय?

पोर्टलवर लाभ स्वेच्छेने सोडण्याची आणि पैसे ऑनलाइन परत करण्याची सोय आहे. परताव्याची पावती जपा. नमोचे हप्तेही त्याच काळात आले असतील तर तेही परत करावे लागतात. त्यासाठी कृषी कार्यालयात विचारा. नोटीस येण्याआधी स्वतः गेलात तर काम सोपं होतं.

२१. व्हॉट्सॲपवर पीएम-किसानची फाइल आली आहे. उघडू का?

उघडू नका. एपीके फाइल असते, ती फोनमध्ये गेली की ओटीपी आणि बँक खातं चोरांच्या हातात जातं. उघडली असेल आणि पैसे गेले असतील तर एक मिनिट न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, नंतर बँकेला. हप्ता सुरू करून देतो म्हणून हजार-पाचशे मागणाऱ्यांनाही देऊ नका. योजनेत नोंदणीची फी नाही. सीएससीत फॉर्म भरून देण्याचे ठरलेले सेवाशुल्क तेवढे द्या.

२२. सगळं करून झालं, तरी हप्ता नाही. तक्रार कुठे करू?

हेल्पलाइन १५५२६१. पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. किसान ई-मित्र या चॅटबॉटवर विचारता येतं. त्याने नाही झालं तर तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी अर्ज. एक महिन्यात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून एकच प्रश्न विचारा: "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली आणि तो सध्या कोणाकडे प्रलंबित आहे?" तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. सोबत मागच्या अर्जाच्या पोचपावतीची झेरॉक्स जोडा, मूळ पावती घरी ठेवा.